लहान महाविद्यालयात जीवशास्त्राची पदवी: कोणते काम कधी करावे

लहान महाविद्यालयात जीवशास्त्र हा मुख्य विषय घेणारे विद्यार्थी सहसा अभ्यासात कमी पडत नाहीत; ते क्रमात चुकतात. आवडीचे विषय आधी आणि रसायनशास्त्र नंतर, प्रयोग आधी आणि त्याची नोंद रात्री घरी गेल्यावर, प्रकल्पाची विचारणा थेट शेवटच्या वर्षी, अशा उलट्या क्रमाने कामे केली की अध्यापक, जागा आणि उपकरणे मोजकीच असलेल्या विभागात दुरुस्तीला वाव राहत नाही. मोठ्या विद्यापीठात हुकलेला विषय पुढच्या सत्रात पुन्हा मिळतो. चार-पाच अध्यापकांच्या विभागात तो दोन वर्षांनी मिळतो आणि तोवर पदवीची मुदत संपत आलेली असते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. उदाहरणांसाठी आठ सत्रांची, म्हणजे चार वर्षांची पदवी गृहीत धरली आहे. पदवी सहा सत्रांची असेल तर दुसरा टप्पा अधिकच काटेकोरपणे पार पाडावा लागतो.

## टप्पा १: पहिले सत्र सुरू होण्याआधी जमवायची माहिती

सर्वप्रथम तीन कागद हाताशी असावेत. पहिला, पदवीच्या अटींची अधिकृत यादी, तीही स्वतःच्या प्रवेशवर्षाची. कारण अटी मध्येच बदलल्या तरी बहुतेक ठिकाणी प्रवेशवर्षाच्या अटी लागू राहतात. दुसरा, गेल्या चार वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रके. माहितीपुस्तिकेत छापलेले सगळे विषय शिकवले जातातच असे नाही. काही नावे वर्षानुवर्षे केवळ कागदावर असतात, आणि जुनी वेळापत्रके पाहिल्याशिवाय ते उघड होत नाही. तिसरा, विभागातील अध्यापकांची यादी आणि प्रत्येकाचे संशोधनक्षेत्र.

यानंतर विभागप्रमुखांना किंवा मार्गदर्शक अध्यापकांना भेटून काही नेमके प्रश्न विचारावेत. एक वर्षाआड शिकवले जाणारे विषय कोणते आणि पुढची पाळी कोणत्या वर्षी? पुढील तीन वर्षांत कोणते अध्यापक अध्ययनरजेवर जाणार आहेत किंवा निवृत्त होणार आहेत? विभागात वनस्पतिशास्त्राचा एकच अध्यापक असेल आणि तो वर्षभर रजेवर गेला, तर त्या वर्षी तो विषय होत नाही. हा प्रश्न विचारायला विद्यार्थी संकोचतात, परंतु अध्यापकांना तो मुळीच खटकत नाही.

तपासणी: जुन्या वेळापत्रकांत गेल्या चार वर्षांत एकदाही न दिसलेले विषय यादीतून खोडून टाकावेत. त्यांच्या भरवशावर कोणतीही आखणी करू नये.

## टप्पा २: विषयांचा नकाशा शेवटाकडून सुरुवातीकडे

बहुतेक विद्यार्थी एका वेळी एकाच सत्राचा विचार करतात आणि पुढचे पुढे पाहू म्हणतात. हीच या पदवीतील सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून या टप्प्याला एक अख्खी दुपार द्यावी.

एका मोठ्या कागदावर आठ रकाने आखावेत. शेवटच्या रकान्यापासून सुरुवात करून अंतिम वर्षाचा प्रकल्प किंवा प्रबंध आधी लिहावा. त्याच्या आधी तो प्रकल्प करण्यासाठी लागणारे प्रगत विषय, त्यांच्या आधी त्या विषयांच्या पूर्वअटी, असे मागे मागे येत पहिल्या सत्रापर्यंत पोहोचावे. वर्षाआड येणारे विषय लाल शाईने लिहावेत; ते हलवता येत नाहीत, बाकीचे त्यांच्याभोवती बसवावे लागतात.

असे का करायचे ते एका साखळीवरून स्पष्ट होईल. जीवरसायनशास्त्रासाठी सेंद्रिय रसायनशास्त्र लागते आणि सेंद्रिय रसायनशास्त्रासाठी सामान्य रसायनशास्त्राची दोन सत्रे लागतात. समजा, जीवरसायनशास्त्र एक वर्षाआड शिकवले जाते आणि त्याची पाळी तुमच्या तिसऱ्या वर्षी येते. पहिल्या वर्षी सामान्य आणि दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्र पूर्ण झाले असेल तर सारे सुरळीत होते. मात्र पहिल्या वर्षी रसायनशास्त्र टाळून त्याऐवजी प्राणिवर्तनासारखा रंजक विषय घेतला, तर तिसऱ्या वर्षी पूर्वअट अपुरी राहते आणि चौथ्या वर्षी विषयच नसतो. जीवरसायनशास्त्रावर अवलंबून असलेले प्रगत रेणवीय जीवशास्त्रही मग आपोआप हातचे जाते. एका सत्राच्या टाळाटाळीची किंमत अशी दोन विषयांनी आणि प्रसंगी एका वर्षाने मोजावी लागते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची असते. लहान महाविद्यालयात प्रत्येक विषयाची सहसा एकच तुकडी असते, त्यामुळे सेंद्रिय रसायनशास्त्राचे आणि आनुवंशिकीचे प्रात्यक्षिक एकाच दुपारी आले तर दुसरी तुकडी निवडण्याची सोय नसते. जुन्या वेळापत्रकांवरून अशा टकरी आधीच ओळखता येतात. त्या विभागाच्या लक्षात वेळेत आणून दिल्या, आणि चार-पाच विद्यार्थ्यांची अडचण सारखीच असली, तर वेळ बदलून मिळण्याची शक्यता असते. वेळापत्रक जाहीर झाल्यानंतर ती जवळजवळ उरत नाही.

एका सत्रात प्रात्यक्षिक असलेले विषय दोनच घ्यावेत, फार तर एखाद्या सत्रात तीन. प्रत्येक प्रात्यक्षिकाचे तास वेळापत्रकात दिसतात, पण त्याचा अहवाल लिहिण्याचे तास कुठेच दिसत नाहीत आणि ते तितकेच असतात.

इशारा: एखादा विषय होणार नसेल तर त्याऐवजी स्वतंत्र अभ्यास किंवा दुसऱ्या महाविद्यालयातील समकक्ष विषय चालेल, असे तोंडी आश्वासन मिळाले तरी ते पुरेसे समजू नये. विषयाचे नाव, श्रेयांक आणि तो कोणत्या अटीच्या जागी धरला जाणार, हे लेखी घ्यावे. आश्वासन देणारी व्यक्ती पदवीच्या अखेरीस त्या पदावर असेलच असे नाही.

तपासणी: नकाशा पूर्ण झाल्यावर कोणताही एक विषय एका वर्षाने पुढे ढकलून पाहावा. पदवी तरीही वेळेत पूर्ण होत असेल तर नकाशात थोडी मोकळीक आहे. होत नसेल, तर त्या विषयाकडे दुर्लक्ष करणे परवडणार नाही, असे समजावे.

## टप्पा ३: रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र लवकर आटोपणे

रसायनशास्त्राचे कारण वर आलेच आहे. संख्याशास्त्राबाबतची चूक थोडी वेगळी असते. विद्यार्थी तो विषय शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवतात, आणि तोपर्यंत तीन वर्षांची प्रात्यक्षिके आकडे न समजताच पार पडलेली असतात. संख्याशास्त्र दुसऱ्या वर्षाच्या आत, शक्यतो आनुवंशिकीच्या आधी किंवा सोबत घ्यावे.

न समजता सूत्र वापरले की काय होते, ते आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या वाटाण्यांवरून पाहता येते. दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, असे एकूण ७,३२४ दाणे मिळाले. ३:१ या प्रमाणानुसार अपेक्षित संख्या ५,४९३ आणि १,८३१ येतात. दोन्हीकडे फरक १९ चा आहे. त्यावरून काय-वर्ग मूल्य, म्हणजे मिळालेल्या आणि अपेक्षित संख्यांतील तफावतीचे माप, सुमारे ०.२६ येते, आणि एका स्वातंत्र्यमात्रेसाठी (गट दोन, म्हणून मात्रा एक) ५ टक्के पातळीवरील मर्यादा ३.८४ असून मूल्य तिच्या खाली असल्यामुळे निरीक्षणे ३:१ शी सुसंगत ठरतात. आता हेच गणित प्रत्यक्ष संख्यांऐवजी टक्केवारीवर केले तर मूल्य सुमारे ०.००४ येते. येथे निष्कर्ष योगायोगाने तोच राहतो, पण नमुना किती मोठा होता ही माहिती गणितातून पुसली गेलेली असते, आणि दुसऱ्या एखाद्या प्रयोगात त्यामुळे खरा फरक दडून जातो. काय-वर्ग चाचणी नेहमी मोजलेल्या संख्यांवरच करावी. विद्यार्थ्यांच्या अहवालांत या चाचणीच्या बाबतीत सर्वाधिक दिसणारी चूक हीच आहे.

कलन आणि भौतिकशास्त्र यांचा क्रम तुलनेने लवचिक असतो. नकाशात जिथे जागा मिळेल तिथे ते बसवावेत.

## टप्पा ४: वर्गातील अभ्यास

पाठ्यपुस्तकातील ओळींवर रंगीत पेन फिरवून प्रकरण पुन्हा पुन्हा वाचणे, ही जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सर्वांत आवडती आणि सर्वांत निष्फळ सवय आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले, परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत उतारा न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा वाचनानंतर पाच मिनिटांनी नसते, हे ध्यानात ठेवून पुढील क्रम पाळावा.

१. व्याख्यानाआधी प्रकरणातील केवळ आकृत्या आणि त्यांखालील मजकूर पाहावा.

२. व्याख्यानानंतर चोवीस तासांच्या आत कोऱ्या कागदावर ती प्रक्रिया न पाहता रेखाटावी. ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोजचे विघटन, असेल तर कोणत्या पायऱ्यांवर एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे) दोन रेणू खर्च होतात, कोठे चार मिळतात आणि निव्वळ दोन कसे उरतात, हे बाणांसह दाखवावे. शिवाय ती पेशीच्या कोणत्या भागात घडते तेही लिहावे.

३. त्यानंतर पुस्तक उघडून चुका वेगळ्या शाईने दुरुस्त कराव्यात. हा दुरुस्त केलेला कागदच पुढच्या उजळणीचा आधार असतो.

४. शेवटी त्या प्रक्रियेत एक बिघाड करून पाहावा. उदाहरणार्थ, सायनाइडमुळे श्वसनसाखळीतील शेवटचे विकर बंद पडले, तरी सस्तन प्राण्यांच्या प्रौढ तांबड्या रक्तपेशीतील एटीपीची निर्मिती का थांबत नाही? त्या पेशीत तंतुकणिकाच नसतात, ती ग्लायकोलिसिसवरच जगते, हे ज्याला सुचते त्याला प्रकरण समजले आहे.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि परीक्षेत नेमका तिचाच प्रश्न येतो. वर्गात वीस-पंचवीसच विद्यार्थी असल्यामुळे आपल्याला न सुटलेला बिघाड घेऊन अध्यापकांकडे जाण्याची सोय लहान महाविद्यालयात चांगली असते. मात्र "मला हे प्रकरण समजले नाही" असे म्हणत रिकाम्या हाताने जाण्याऐवजी आपली आकृती सोबत न्यावी आणि समज कोठे अडली त्या बाणावर बोट ठेवावे.

## टप्पा ५: प्रयोगशाळेतील मूलभूत कौशल्ये

लहान महाविद्यालयात उपकरणे कमी असली तरी पदव्युत्तर विद्यार्थी नसल्यामुळे किंवा मोजकेच असल्यामुळे ती पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती लवकर येतात. हा लाभ खरा आहे, परंतु मूलभूत कौशल्ये कच्ची राहिली तर तो वाया जातो. पुढील चार बाबी पहिल्या वर्षातच पक्क्या कराव्यात.

प्रयोगवही. वही बांधीव असावी, पाने सुटी करता येऊ नयेत, पृष्ठक्रमांक आधीच घातलेले असावेत आणि नोंद पेनाने करावी. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो; खोडरबर किंवा पांढरी शाई वापरू नये. "२ ग्रॅम घेतले" असे न लिहिता तराजूने दाखवलेले २.०३ ग्रॅम लिहावे. रसायनाच्या बाटलीवरील बॅच क्रमांक, उष्मायकाचे प्रत्यक्ष तापमान, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, ठरलेल्या कृतीपासून झालेला प्रत्येक फेरबदल, या गोष्टी त्या क्षणीच नोंदवाव्यात. सुट्या कागदावर टिपून संध्याकाळी वहीत सुवाच्य उतरवण्याची पद्धत नीटनेटकी दिसते, पण त्या उताऱ्यात आठवणीने भरलेल्या आणि नकळत सुधारलेल्या गोष्टी शिरतात. डाग पडलेली खरी वही स्वच्छ उताऱ्यापेक्षा केव्हाही चांगली.

सूक्ष्मदर्शक. सुरुवात नेहमी ४ पट वस्तुभिंगापासून करावी, मग १०, मग ४०. जाड समायोजक चक्र केवळ सर्वांत कमी क्षमतेच्या भिंगावर फिरवावे. ४० पट भिंग लावून ते फिरवले की काचपट्टी फुटते आणि कधी भिंगालाही ओरखडा जातो. १०० पट भिंगासाठी तेलाचा थेंब टाकल्यानंतर ४० पट भिंग पुन्हा त्या जागी आणू नये. ते तेलात बुडते, आणि पुढचे कित्येक विद्यार्थी धूसर प्रतिमेला स्वतःचा दोष समजत बसतात.

आकृतीखाली "४०० पट" एवढेच लिहिणे निरुपयोगी आहे, कारण छापताना आकृतीचा आकार बदलतो. त्याऐवजी मापनरेषा काढावी. नेत्रिकेवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) क्षेत्रांक १८, म्हणजे क्षेत्राचे मिलिमीटरमधील माप, कोरलेला असेल आणि वस्तुभिंग ४० पट असेल, तर दिसणाऱ्या क्षेत्राचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर, अर्थात ४५० मायक्रोमीटर असतो. त्यावरून पेशीचा आकार काढता येतो.

तपासणी: मानवी रक्ताच्या तयार काचपट्टीवर तांबडी पेशी मोजावी. उत्तर ७ ते ८ मायक्रोमीटरच्या आसपास आले पाहिजे. ७० आले तर दशांशचिन्हात चूक आहे.

मायक्रोपिपेट. दट्ट्या पहिल्या थांब्यापर्यंत दाबावा, टोक द्रवात बुडवावे, दट्ट्या सावकाश सोडावा. द्रव सोडताना पहिल्या थांब्यापर्यंत आणि नंतर दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबावा. द्रव घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबल्यास जास्त द्रव येतो, आणि नवख्या हातांची ही ठरलेली चूक आहे. पिपेटच्या कमाल मर्यादेपलीकडे चक्र कधीही फिरवू नये. त्यामुळे तिचे अंशांकन बिघडते, आणि विभागात तशा पिपेट मोजक्याच असतात.

तपासणी: तराजूवर १०० मायक्रोलिटर पाणी पाच वेळा टाकून प्रत्येक वेळचे वजन लिहावे. ते दर वेळी ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवे. पाचही वजने सारखी पण चुकीची असतील तर दोष बहुधा पिपेटचा असतो. ती विखुरलेली असतील तर हाताचा.

विरलन. १ मिलिलिटर नमुना ९ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घातला की दहापट विरलन होते. तोच १० मिलिलिटर पाण्यात घातला तर ते अकरापट होते. एका पायरीत हा फरक किरकोळ वाटतो, पण सहा पायऱ्यांनंतर दहा लाख पटींऐवजी सुमारे १७.७ लाख पट विरलन झालेले असते. प्रत्येक पायरीला पिपेटचे टोक बदलावे, आणि पुढच्या नळीत जाण्याआधी मिश्रण नीट घुसळावे.

शेवटच्या गणितात आणखी एक घटक हटकून विसरला जातो. समजा, एक लाख पट विरल केलेल्या नळीतून ०.१ मिलिलिटर द्रव माध्यमाच्या बशीवर (पेट्री डिश) पसरला आणि जिवाणूंच्या ८४ वसाहती आल्या. मूळ नमुन्यातील संख्या ८४ गुणिले १० गुणिले १,००,०००, म्हणजे प्रतिमिलिलिटर ८ कोटी ४० लाख येते. मधला १० हा ०.१ मिलिलिटरमुळे आला आहे. तो गाळला की उत्तर दहापट कमी येते. मोजणीसाठी ३० ते ३०० वसाहतींच्याच बशा धराव्यात.

## टप्पा ६: अध्यापकांकडे प्रकल्पाची विचारणा

याची योग्य वेळ दुसऱ्या वर्षाची सुरुवात ही आहे. अध्यापकांवर शिकवण्याचा भार मोठा असतो, त्यामुळे एका विद्यार्थ्याला तयार करण्यासाठी दिलेला वेळ त्याने किमान दोन-तीन सत्रे काम केले तरच सार्थकी लागतो. अंतिम वर्षात येणाऱ्याला नकार मिळतो तो बहुधा या हिशेबामुळे. त्याच्या गुणवत्तेशी नकाराचा संबंध असेलच असे नाही.

विचारण्याआधी त्या अध्यापकांचे दोन शोधनिबंध वाचावेत. सगळे समजणार नाही आणि तशी अपेक्षाही नसते. प्रश्न कोणता होता, कोणत्या जीवावर काम झाले आणि मुख्य आकृती काय सांगते, एवढे कळले तरी पुरे. मग लहानसे पत्र लिहावे. कोणता विषय शिकलो, शोधनिबंधातील कोणती गोष्ट पुढे पाहावीशी वाटते, आठवड्यातील कोणते तास मोकळे आहेत आणि किती सत्रे काम करता येईल, एवढ्या चार गोष्टी त्यात असाव्यात. मोकळ्या तासांचा तपशील बहुतेक पत्रांत नसतो, आणि अध्यापक सर्वांत आधी तोच शोधतात.

इशारा: एकच पत्र नावे बदलून विभागातील सर्वांना पाठवू नये. ते सर्व जण एकाच दालनात चहा घेतात.

सुरुवातीचे काम काचसामान धुणे, माध्यम तयार करणे किंवा फळमाश्यांच्या बाटल्या बदलणे हेच असेल. ते दोन महिने मन लावून करावे. त्यानंतरही कामाचे स्वरूप बदलले नाही, तर मात्र स्वतःहून एक लहान प्रश्न मांडून परवानगी मागावी. गप्प बसून वाट पाहत वर्ष घालवू नये.

## टप्पा ७: सत्रात मावणारा प्रकल्प आखणे

प्रकल्प फसण्याचे सर्वांत मोठे कारण सजीवांचे घड्याळ आणि सत्राचे घड्याळ जुळत नाही हे असते. म्हणून जीव निवडताना त्याच्या पिढीचा काळ आधी पाहावा. ई. कोलाय अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला साधारण दीड तास लागतो, फळमाशीची पिढी २५ अंश सेल्सिअसला सुमारे दहा दिवसांत तयार होते, तर ॲरॅबिडॉप्सिस या वनस्पतीला बी ते बी साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ॲरॅबिडॉप्सिसच्या दोन पिढ्या मिळवण्याची योजना कागदावर बसते, प्रत्यक्षात बसत नाही.

फळमाशीच्या दोन पिढ्यांच्या संकराची आखणी अशी करता येते.

१. पहिले दोन आठवडे मूळ वाण वाढवणे आणि नर-मादी ओळखण्याचा सराव.

२. तिसऱ्या आठवड्यात असमागमित माद्या गोळा करणे. नुकत्याच कोशातून निघालेल्या माद्या २५ अंशांना सुमारे आठ तास समागम करत नाहीत. म्हणून सकाळी बाटली पूर्ण रिकामी करावी आणि आठ तासांच्या आत नव्याने निघालेल्या माद्या वेगळ्या कराव्यात. सकाळी आधीपासून बाटलीत असलेल्या माद्या कितीही फिकट दिसल्या तरी वापरू नयेत.

३. संकर मांडल्यावर साधारण सातव्या-आठव्या दिवशी पालक माश्या काढून टाकणे. हे राहून गेले तर पालकांचीच मोजणी संततीत होते, आणि गुणोत्तर का जुळत नाही हे कोणालाच कळत नाही.

४. पहिल्या पिढीतील माश्यांचा आपसांत संकर, आणि दहा-बारा दिवसांनी दुसऱ्या पिढीची मोजणी. बाटली मांडल्यापासून अठरा दिवसांनंतर निघणाऱ्या माश्या मोजू नयेत, कारण त्यांत तिसरी पिढी मिसळू लागते.

५. एका संपूर्ण फेरीच्या अपयशासाठी चार आठवडे राखीव. हे आठवडे वापरावे लागतील असेच धरून चालावे.

६. शेवटचे दोन आठवडे केवळ लेखनासाठी.

मोजमाप सुरू करण्याआधी स्वतंत्र नमुना कशाला म्हणायचे, हे ठरवावे. एका कुंडीत खत घातले, दुसरीत घातले नाही, आणि प्रत्येकीतील दहा रोपे मोजली, तर नमुनासंख्या दहा होत नाही. खत कुंडीला दिले आहे, म्हणून प्रत्येक गटाची नमुनासंख्या एकच आहे. एक कुंडी खिडकीजवळ असल्याने फरक पडला की खतामुळे, हे सांगण्याचा मार्गच अशा प्रयोगात नसतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला आभासी पुनरावृत्ती या अर्थाचे नाव दिले, आणि ती आजही पदवीच्या प्रकल्पांत सर्रास आढळते. उपाय साधा आहे: कमी रोपांच्या जास्त कुंड्या घ्याव्यात आणि त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात.

उपकरणच उपलब्ध नसेल तर सार्वजनिक विदेवर (डेटावर) प्रकल्प करता येतो. जनुकक्रमांसाठी जेनबँक, प्रथिनांच्या रचनांसाठी १९७१ पासून चालू असलेली प्रोटीन डेटा बँक आणि प्रजातींच्या नोंदींसाठी जीबीआयएफ हे संग्रह सर्वांना खुले आहेत. विश्लेषणासाठी आर ही संगणकभाषा आणि प्रतिमा मोजण्यासाठी इमेजजे विनामूल्य मिळतात. अशा प्रकल्पाला कमी दर्जाचे समजणारे परीक्षक भेटतात, पण अर्धवट चाललेल्या यंत्रावर काढलेल्या तीन आकड्यांपेक्षा तो पुष्कळ बरा.

इशारा: उतरवून घेतलेली विदा जशीच्या तशी वापरू नये. प्रजातींच्या नोंदींत एकच नोंद दोनदा आलेली असते, आणि ज्यांचे स्थान माहीत नव्हते अशा काही नोंदी शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर, म्हणजे भर समुद्रात पडलेल्या दिसतात. विश्लेषणाआधी सर्व बिंदू नकाशावर मांडून पाहावेत, आणि काढून टाकलेल्या प्रत्येक ओळीचे कारण लिहून ठेवावे.

## टप्पा ८: सुट्टीत बाहेरच्या प्रयोगशाळेत काम

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षानंतरच्या मोठ्या सुट्टीत एकदा तरी बाहेरच्या संशोधनसंस्थेत काम करावे. आपल्या विभागात नसलेली तंत्रे तेथे शिकता येतात, शिवाय आपले काम पाहिलेला विभागाबाहेरचा एक शास्त्रज्ञ मिळतो. अशा कार्यक्रमांची अर्जमुदत सुट्टीच्या कित्येक महिने आधी संपते, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच तारखा टिपून ठेवाव्यात. अर्जात "मोठी प्रयोगशाळा पाहायची आहे" असे न लिहिता, सहाव्या-सातव्या टप्प्यांतील कामात कोणत्या तंत्राअभावी अडले, ते लिहावे.

## टप्पा ९: शिफारसपत्रे आणि कामाचे हस्तांतरण

लहान विभागात सगळ्यांची शिफारसपत्रे तेच तीन-चार अध्यापक लिहितात. मुदतीच्या किमान चार आठवडे आधी विचारावे, आणि "पत्र द्याल का?" एवढ्यावर न थांबता "माझ्या प्रयोगशाळेतील कामाविषयी तपशीलवार लिहू शकाल का?" असे विचारावे. उत्तर चाचरत आले तर दुसऱ्या अध्यापकांकडे जाणे दोघांच्याही हिताचे असते. होकार मिळाल्यावर सर्व मुदती एकाच कागदावर, गुणपत्रक, प्रकल्पाचा सारांश आणि आपण नेमके काय केले याची लहान यादी द्यावी. जे अध्यापक पुढच्या वर्षी अध्ययनरजेवर जाणार असतील त्यांना निघण्यापूर्वीच विचारावे.

हस्तांतरणाकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात, आणि पुढच्या तुकडीचे एक सत्र शीतकपाटातील निनावी नळ्या ओळखण्यात जाते. प्रत्येक नळीवर नाव, आतील पदार्थ, दिनांक आणि प्रयोगवहीतील पृष्ठक्रमांक असावा. साध्या मार्करची शाई अल्कोहोल लागताच निघून जाते, म्हणून अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्यांच्या बरणीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतच टाकावी. संगणकावरील मूळ विदा आणि सुधारित विदा वेगवेगळ्या ठेवाव्यात, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ व एकक सांगणारा एक पानाचा मजकूर सोबत जोडावा.

शेवटची तपासणी: काम पुढे नेणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ आपली प्रयोगवही देऊन एक प्रयोग करायला सांगावा आणि तो संपेपर्यंत शेजारी न बोलता उभे राहावे. तो जेथे अडेल ती पायरी वहीत नीट लिहिलेली नाही. त्याच पानावर, त्या दिवसाची तारीख घालून, राहिलेला तपशील भरावा.